मागे उभी असलेली बाई

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास टेबलावरचा फोन वाजला तेव्हा मी काउन्सिल टॅक्सच्या बिलावरचा एक रकाना चार अक्षरांनी रुंद करत होते. इथे स्वान्सीत प्रत्येक बिल दोन भाषांत निघतं आणि वेल्श शब्द इंग्रजीच्या मापाने आखलेल्या रकान्यात मावत नाहीत, त्यांचं शेपूट तुटतं, मग लोक चिडून पत्रं लिहितात. गेली चार वर्षं मी पगार घेते तो याचाच. फोनवर एक म्हातारा पुरुष होता, वेल्शमध्ये बोलत होता, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. शनिवारी दुपारी अडीचपर्यंत हॉलमध्ये या, म्हणाला. कडेची खुर्ची धरा, म्हणजे बाहेर पडायला सोपं. आणि हे कुणालाही सांगू नका, तुमची वेल्शची बाई नेस्टा, तिलासुद्धा. मी आभार मानले, तेही क्लासमध्ये शिकवल्यासारखे अगदी नीट, आणि फोन ठेवल्यावर सरळ टॉयलेटमध्ये जाऊन दार लावून बसले. मी जिंकले होते. माणसं जिंकल्यावर कुणाला तरी फोन करतात. मी झाकण पाडलेल्या कमोडवर बसून शनिवारी आजारी कसं पडायचं याचा विचार करत होते.

जिंकले म्हणजे काय, ते सांगायला हवं. आइस्तेद्वोद नावाची इथली एक जत्रा असते, गाण्यांची आणि लिहिण्याची. आमच्याकडे नागपूरला जयंतीत गाण्यांचे मुकाबले लागतात तशी इथे गावोगावी लागते, फक्त भांडणं कमी आणि चहा जास्त. लेख पाठवायचा तो टोपणनावाने. खरं नाव बंद पाकिटात, आणि ते पाकीट एकटा सेक्रेटरी उघडतो. जिंकलेला माणूस त्या दिवशी सगळ्यांसारखाच गर्दीत बसून राहतो. शेवटी तुतारी वाजते, टोपणनाव पुकारतात, आणि ज्याचं असेल त्याने उठून उभं राहायचं. मग त्याला जांभळा झगा घालून स्टेजवर नेतात आणि गावच्या सुताराने केलेल्या ओकच्या खुर्चीत बसवतात. खुर्ची घरी न्यायला मिळते. मोठ्या ठिकाणी ती कवितेला असते, नेस्टा आता राहते त्या गावात एक वर्षाआड गोष्टीला. यंदाचा विषय होता 'उंबरठा'. आणि मी, कल्याणी, शेवंता आणि दौलत यांची मुलगी, वय चौतीस, हिने उंबरठ्यावर चार पानं वेल्शमध्ये लिहून पाठवली होती. ती चारही पानं खरी होती, एक गोष्ट सोडून.

मी बाथरूमच्या टाइल्स मोजत बसले नाही की रडले नाही. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. सेक्रेटरीवर काढता आला असता, त्या बिचाऱ्याने फक्त फोन केला होता. नेस्टावर काढता आला असता. नेस्टा म्हणजे माझी वेल्शची बाई, संध्याकाळच्या क्लासची, अडुसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने तिखट. काउन्सिलने सांगितलं होतं की भाषा शिकलात तर फी आम्ही भरू, म्हणून मी फुकटात मिळतंय तर घ्या म्हणून गेले होते. पहिल्याच तासाला तिने सगळ्यांना विचारलं, कुठून आलात? बाकीच्यांनी स्वान्सी, ब्रिस्टल असं काहीबाही सांगितलं. मी नागपूर म्हटलं. ती म्हणाली, ते शहर झालं, त्याच्या आधी? तुझी माणसं कुठली? आता हा प्रश्न माझ्या अंगावर काटा आणणारा. आमच्याकडे कुणी 'मूळ गाव कुठलं' विचारलं की पुढचा प्रश्न 'आडनाव काय' हाच असतो आणि त्याच्या पुढचा कुणी विचारत नाही, कारण उत्तर मिळालेलं असतं. पण ही बाई त्यातलं काहीच जाणत नव्हती. मला तेव्हा बिलांवरून उचललेले पन्नास-साठ शब्द येत होते. मी म्हटलं, माझं गाव पाण्याखाली आहे. नेस्टाने हातातला मार्कर खाली ठेवला.

कारण तिचंही होतं. उत्तरेकडच्या एका दरीत त्यांचं शेत आणि घर, इंग्लंडातल्या एका शहराला नळाला पाणी हवं होतं म्हणून बुडवलेलं. तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची. शाळा, चॅपल, कबरी, सगळं. त्या दिवशी क्लास संपल्यावर तिने मला गाडीपर्यंत सोडलं आणि हात हातात धरून म्हणाली की आता तुला सगळे शब्द शिकवते, तुला लागणारच आहेत. तिने ते शिकवलेसुद्धा. चार वर्षांत मी गोष्टी वाचायला लागले, कविता वाचायला लागले, आणि वाचताना माझं डोकं फिरायचं. या लोकांचं सगळं साहित्यच तेवढ्यावर चालतं: कोण कुठल्या शेतावरचा, कुणाचा आजा कुठल्या दगडाखाली पुरला, कुठल्या टेकडीला काय नाव होतं आणि ते कुणी पुसलं. जिकडे तिकडे माणसं गावासाठी रडतायत. आमच्या घरी गाव ही शिवी होती. बाबा चिडले की म्हणायचे, काय गावासारखं वागता रे. बेलखेडीत, म्हणजे आमच्या त्या गावात, धरणाचं पाणी शिरलं त्या दिवशी बाबा टेकडीवर जाऊन बघून आले आणि येताना पाव किलो पेढे घेऊन आले. हे मी कुठल्या तोंडाने नेस्टाला सांगणार होते? सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, धरण बांधणाऱ्यांची बाजू घेतेय. आणि मला तिची गरज होती, हे उगाच कशाला लपवू? या देशात सात वर्षं झाली होती, आधी क्रॉयडन, मग इथे, आणि ऑफिसात मला 'वीकेंड कसा गेला' याच्यापलीकडे कुणी काही विचारत नव्हतं. नेस्टा एकटी होती जी म्हणायची, कल्याणी आमच्यातली आहे. तिने मला तिसऱ्या महिन्यात अगं-तुगं करायला लावलं. आमच्यातली, हा शब्द मला आजवर फक्त आमच्याच लोकांनी लावला होता. दुसऱ्या कुणी लावला की तो किती गोड लागतो ते ज्याला लागलाय त्यालाच माहीत.

आता ती एक गोष्ट. मी नऊ वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला आणि धरणाचं पाणी इतकं उतरलं की बेलखेडी वर आली. बातमी पसरली तशी जुन्या गावची माणसं बसने, बैलगाडीने, कुणी जीपने बघायला आली. बाबांनी एक दिवसाची रजा टाकली आणि धाकट्या भावाला शेजारी ठेवून आईला आणि मला घेऊन गेले. आई जाऊ नका म्हणत होती. तिथे भेगा पडलेला गाळ होता, लांबच लांब, त्यात मध्ये मारुतीचं देऊळ उभं आणि गावची जमीन ज्यांची त्या मालगुजारांच्या घराचा दगडी चौथरा, पायऱ्या, उंबरा, जसाच्या तसा. लोक आपापल्या घरांच्या जागी उभे राहून बोटं दाखवत होते, बायका पदर डोळ्याला लावत होत्या. बाबा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, आमची वस्ती होती तिथे. तिथे काहीच नव्हतं. मातीच्या भिंती दहा वर्षांत मातीला मिळाल्या होत्या. एक दगड नाही, एक खुंटी नाही. बाबा हातातली काठी गाळात खुपसून बघत होते, इथं चूल होती, इथं नाही, इथं होती. मी कंटाळून मागे वळले आणि चौथऱ्यापाशी आले तर आई दिसली. मालगुजारांच्या उंबऱ्याशी वाकलेली, पदर खोचलेला, हातात बेशरमाच्या वाळक्या फांद्यांचा झाडू, आणि ती उंबऱ्यावरचा गाळ झाडत होती. उन्हात तो काळा दगड हळूहळू स्वच्छ होत होता. तिच्यामागे मालगुजारांची सून उभी होती, हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन, आई झाडून कधी संपवते त्याची वाट बघत. मी येत होते तेव्हाच तिची हाक ऐकली होती, शेवंते, बरी आलीस, एवढा गाळ काढ गं. आईला तेव्हा नागपूर महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरीला लागून आठ वर्षं झाली होती. महिन्याचा पगार होता, स्वतःचं बँकेत खातं होतं. ती नाही म्हणू शकत होती. तिने झाडून दिलं, हात झटकले आणि आम्ही पाचची बस धरून परत आलो. आई जिवंत आहे, बाबा नाहीत, आणि आमच्या घरात त्या दुपारचं नाव पंचवीस वर्षांत कुणी काढलेलं नाही.

मी 'उंबरठा' विषय वाचला तेव्हा मला तेच दिसलं. दुसरं काही दिसेचना. लिहायला बसले आणि पाणी उतरतं, गाव वर येतं, भेगा, ऊन, आई वाकते, झाडते, दगड काळा होत जातो, हे सगळं भराभर आलं. भाषा परकी असली की लाज कमी वाटते. मग मागे उभी असलेली बाई आली. तिला लिहायची तर ती कोण ते लिहायला हवं, ती स्वतः का वाकत नाही ते लिहायला हवं, माझी आई नाही का म्हणत नाही ते लिहायला हवं, आणि ते मला मराठीतसुद्धा लिहिता आलं नसतं. मी दोन संध्याकाळी तिच्याशी झगडले. तिसऱ्या संध्याकाळी तिला काढून टाकलं. बस, एवढंच केलं. बाकी एक अक्षर खोटं नाही. ती गेली तसा उंबरा आमचा झाला, घर दगडाचं झालं, आई घरमालकीण झाली, गोष्ट अशी चकाकायला लागली की मला स्वतःलाच वाचताना भरून आलं. शब्द अपुरे होते असं म्हणून सुटका करून घेता आली असती, पण ते खरं नाही. शब्द होते. नेस्टाने सगळे शिकवले होते.

बुधवारी मी सेक्रेटरीला पत्र लिहिलं की मी माघार घेते, आणि फाडून टाकलं. गुरुवारी ऑफिसातून परस्पर नेस्टाकडे गेले. ठरवूनच गेले होते की सांगून टाकायचं, मग शनिवारचं काय व्हायचं ते होऊ दे. तिने चहा केला, केकचे तुकडे मांडले आणि मी तोंड उघडायच्या आत कपाटातून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तिच्या घराचा फोटो होता. दारात तिची आई, हात कमरेवर, पुढे दगडी पायरी. नेस्टा म्हणाली की आपण मेल्यावर हा कुणाला द्यायचा याचा तिने बराच विचार केलाय. मुलगा बर्मिंगहॅमला, त्याला भाषा येत नाही, तो सांभाळून ठेवील पण बघणार नाही.

"तुला देणार आहे," ती म्हणाली. "तुला हा वाचता येतो."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, नेस्टा, आमचं घर दगडाचं नव्हतं. ती म्हणाली, घर कशाचं का असेना, आपलं होतं ना. मी म्हटलं, गावाला आम्ही नको होतो. तिने मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणाली की हो, आम्हीही कुणाला नको होतो, त्या शहराला तर आमची नावंसुद्धा माहीत नव्हती. मी काहीही म्हटलं तरी ते तिच्या दुःखात जाऊन बसत होतं, जागा भरपूर होती तिथे. अजून एक वाक्य, सरळ, धडधडीत, बोलले असते तर झालं असतं: नेस्टा, तुझी आई दारात उभी आहे तशी आमच्या गावात एक बाई उभी होती, आणि माझी आई तिच्या पायाशी वाकलेली होती. ते वाक्य मला आतल्या आत तयार मिळालं, व्याकरणासकट. मी फोटो हातात घेतला, छान आहे म्हटलं आणि केकचा दुसरा तुकडा घेतला. गाडीत येऊन बसले तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण समोर तिचा शेजारी कुत्रा फिरवत होता.

शुक्रवारी राकेशचा फोन आला. राकेश नॉटिंगहॅमला हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे, आमच्या लोकांची संघटना तोच चालवतो, नोकरी सांभाळून, हॉल बुक करण्यापासून भाताच्या पातेल्यापर्यंत. शनिवारी चौदा एप्रिल, जयंतीचा कार्यक्रम, आणि मी त्यात बोलणार असं जानेवारीतच कबूल केलेलं. विषयही मीच दिला होता. 'गाव सोडलेल्या आयांबद्दल' बोलते म्हटलं होतं. मी त्याला सांगितलं की ताप आहे. तो म्हणाला, आवाजावरून वाटत नाही. मग त्याने विचारलं की तिकडे तू कुणाला कधी सांगितलंयस का, आपण कोण ते. मी म्हटलं इथे कोण विचारतंय, इथे सगळे इंडियनच. तो हसला नाही. म्हणाला, काळजी घे, पॅरासिटामॉल घे, आणि पुढच्या वर्षी बोल. त्याचा तो समजूतदारपणा मला सगळ्यात जास्त झोंबला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तरी शनिवारी मी निघाले ते उभं न राहायचं ठरवूनच. टोपणनाव तीनदा पुकारतात. तीनदा कुणी उठलं नाही तर खुर्ची रिकामी राहते, लोक हळहळतात, चहा पितात, घरी जातात. पाकीट फक्त सेक्रेटरीला माहीत, तो मरेपर्यंत बोलणार नाही. म्हणजे मी नुसती बसून राहिले तरी पुरत होतं. आयुष्यात इतकं सोपं काम कधी वाट्याला आलं नव्हतं. हॉल गच्च भरला होता, ओल्या कोटांचा आणि पॉलिशचा वास येत होता. नेस्टा माझ्या शेजारी, गुडघ्यावर कार्यक्रमपत्रिका, मला कडेची खुर्ची हवी म्हटल्यावर तिने काही न विचारता दिली. स्टेजवर ती खुर्ची होती. माझ्या कल्पनेपेक्षा लहान, पाठीवर पाण्याच्या लाटा कोरलेल्या. परीक्षक आले, बारीक, टकले, आणि त्यांनी हरलेल्यांची एकेका टोपणनावाने सालं काढली, लोक मजेने हसत होते. मग ते गंभीर झाले. म्हणाले की एक गोष्ट मात्र अशी आली की वाचून मी फिरायला निघून गेलो. आणि त्यांनी त्यातला तुकडा वाचला. पाणी उतरलं. आई पदर खोचून उंबऱ्याशी वाकली. गाळ झाडू लागली. उंबरा काळा होता, ओला होता, आमचा होता.

'आमचा होता' हे त्यांनी दोनदा वाचलं. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. नेस्टाने माझा हात पकडला, आणि मला समजलं की तिने ओळखलंय. दोनशे माणसं बसली होती, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे माझी आई वाकलेली होती, आणि त्यांना तिचा अभिमान वाटत होता. माझ्या आईचा. बेलखेडीत जिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, जिला नवऱ्याच्या नावावर निघालेला नव्या देवळाजवळचा प्लॉट सोडावा लागला होता. धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीत सरकारने चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते, बाबांना नऊ नंबर लागला, अगदी मध्ये. आठवड्याने तीन जण आले, गोड बोलले, आपापल्या माणसांत राहिलेलं बरं असतं म्हणाले आणि कडेचा प्लॉट बदलून दिला. बाबा हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसले. मी तेव्हा तिच्या पोटात होते. म्हणजे माझं गाव म्हणून मी जे सांगत फिरत होते, त्या गावात मी एक दिवससुद्धा राहिलेली नव्हते.

तुतारीच्या जागी इथे गावचा पोस्टमन कॉर्नेट वाजवतो, त्याने वाजवला. सूत्रसंचालकाने पुकारलं की 'शेवंता' या नावाने लिहिणाऱ्याने, फक्त त्यानेच, उभं राहावं. मी आईचं नाव टोपणनाव म्हणून घातलं होतं. घालताना वाटलं होतं की केवढा मोठा मान देतेय आपण तिला. त्यांनी ते 'शेव्हान्टा' असं म्हटलं, आदराने, जपून, फुटेल की काय अशा बेताने. सगळ्या माना वळल्या. मी हात मांड्यांखाली दाबून धरले. दुसऱ्यांदा वाजलं, दुसऱ्यांदा पुकारलं. लोक कुजबुजायला लागले. मी मनात म्हणत होते, बस, बसून राहा, कल्याणी, एकदा तरी काहीतरी धड कर. नेस्टा माझ्या कानाशी म्हणाली, "ऊठ गं. तुझ्या आईला बोलावतायत."

तिसऱ्यांदा पुकारलं आणि मी उठले. मला कुणी ढकललं नाही. मला उठायचं होतं, ते सांगून टाकते. मला ती खुर्ची हवी होती, त्या दोनशे माणसांनी माझ्याकडे तसं बघायला हवं होतं, आणि माझी आई कुठेतरी, जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात का होईना, घरमालकीण असायला हवी होती. दोन बायका आल्या, मला झगा घातला, दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. रिवाजाप्रमाणे माझ्या डोक्यावर अर्धी उपसलेली तलवार धरली आणि मोठ्याने विचारलं, शांती आहे का? हॉल म्हणाला, शांती. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, तिन्ही वेळा हॉल म्हणाला, आणि तिन्ही वेळा मीही म्हणाले. मग मी बसले. खुर्ची बेताची होती, पाठीला कोरीव लाटा टोचत होत्या. सगळे उभे राहिले आणि त्यांनी गाणं म्हटलं, नेस्टा सगळ्यात मोठ्याने म्हणत होती, तिचा चेहरा ओला झालेला होता. चहाच्या वेळी तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, आता तू घरी आलीस. मी म्हटलं, हो.

रविवारी सकाळी नऊला मी आईला फोन करते, तिकडे दीड वाजलेला असतो, तिचं जेवण झालेलं असतं. तिने विचारलं, जयंतीले गेली होतीस का? मी म्हटलं नाही, इथेच एक कार्यक्रम होता, मला बक्षीस मिळालं. काय मिळालं म्हणाली. खुर्ची, म्हटलं. ती म्हणाली, बसली का मंग तिच्यावर? सगळ्यायसमोर? मी म्हटलं हो. बरं झालं, ती म्हणाली, आणि कशासाठी दिली ते विचारलं. इथेच थांबायचं होतं मी. कविता लिहिली, ऑफिसबद्दल लिहिलं, काहीही सांगता आलं असतं. पण सकाळपासून ती खुर्ची समोर होती, आणि मला आईशी एकदा तरी खरं बोलायचं होतं, निदान तिच्याशी. मी म्हटलं, तुझ्यावर लिहिलं. बेलखेडी वर आली होती त्या दिवसाचं.

तिकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग ती म्हणाली, "सांग. काय लिवलं ते सांग."

मी सांगायला लागले. पाणी उतरलं, भेगा, ऊन, बाबांची काठी. तू उंबऱ्याशी वाकलीस, म्हटलं. मला वाक्य पुढे नेता येईना, कारण पुढचं वाक्य 'आमचा होता' हे होतं. ते मी दोनशे माणसांपुढे ऐकून घेतलं होतं. आईपुढे ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, तो मालगुजारांचा उंबरा होता. त्यांची सून मागे उभी होती. वाटी घेऊन. ती तुला शेवंते म्हणाली. मी सांगत गेले, जे लिहिलं नव्हतं ते, न अडखळता, जसं काही चार वर्षं तेच पाठ केलं होतं.

"मी नाही कायले म्हटलं नाही, ते लिवलं का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ते मला माहीत नव्हतं.

"मलेबी माहीत नाही वं. हात आपोआप गेले. आठ वर्षं पगार घेतला, तरी तिनं हाक मारली अन् हात गेले. तुह्या बापानं पाहिलं. मरेपर्यंत तो बोलला नाही त्याच्यावर. पंचवीस वर्षं मी हे कुणाले सांगतलं नाही." मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "हसले नाही ना ते लोक?"

"नाही, आई."

"त्यायले समजलं?"

"समजलं. सगळे उभे राहिले."

आई रडायला लागली. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती, निदान माझ्यासमोर तरी नाही. मी फोन कानाला लावून उभी होते आणि मला तो खाली ठेवता येत नव्हता. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, घसा साफ केला आणि तिचा नेहमीचा, वॉर्डात हुकूम सोडायचा आवाज परत आला. इतक्या लांबच्या लोकायले समजलं, मंग आपल्यायले का नाही समजणार, म्हणाली. दोन मेला बुद्धपौर्णिमा आहे, विहारात सगळे जमतात, तुझा भाऊ वाचून दाखवील. मराठीत करून पाठव.

"जसं त्यायले दिलं, तसंच पाठव," ती म्हणाली. "एक शब्द बदलू नको."

"नाही बदलत," मी म्हटलं.